पांढरे लंगोट

लंगोट पांढरे निघायला लागले, तेव्हा मला घाम फुटला. हसू नका. जिने तान्ह्या पोराचे लंगोट हाताने धुतलेत, तिला माझं म्हणणं बरोबर कळेल. अंगावर पिणाऱ्या पोराची शी पिवळीधमक, मोहरी फेसल्यासारखी, दाणेदार. तिचा डाग साबणाला दाद देत नाही, ब्रशला देत नाही. कडक उन्हात टाकला तर कुठे फिका होतो. माझी नात रेवा जन्मली तेव्हापासून घाटकोपरच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बसून मी त्या डागांच्या नावाने बोटं मोडत होते. आणि एका दुपारी लंगोट पिळला, झटकला, उजेडात धरला, तर त्यावर डागच नव्हता.

लंगोटांवरून आमच्या घरात आधीच महाभारत होऊन गेलं होतं. अक्षता माझी सून, अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी करते, जिभेला हाड नाही. पण मनाची स्वच्छ. म्हणाली, "आई, कुठल्या जमान्यात आहात? डायपर असतो ना!"

"असतो ना," मी म्हटलं, "पण त्या डायपरात पोर काय करते ते तुला कळतं तरी का? गुंडाळलं की कचऱ्यात."

"मग काय फ्रेम करून लावू?"

शेवटी तह झाला. दिवसा माझे लंगोट, रात्री तिचे डायपर. ह्यांचे जुने पंचे आणि विरलेल्या पांढऱ्या चादरी फाडून मी लंगोटांचा ढीग केला. ह्यांचे म्हणजे आमच्या बाळांचे. माझ्या नवऱ्याचं नाव बाळा. अख्खा जन्म गिरणीत आणि मग वॉचमनकीत गेला, आणि तोंडातून शब्द काढायचा तर जणू पदरचे पैसे पडतात.

दिवेलागणीच्या आत लंगोट दोरीवरून काढायचे, हा माझा दुसरा हट्ट. तान्ह्याचे कपडे अंधारात बाहेर ठेवत नाहीत, कशाची नजर, कशाचा हात लागेल, सांगता येत नाही. अक्षता खो खो हसली. "सातव्या मजल्यावर भूत काय लिफ्टने येणार?"

"येईल तर येईल," मी म्हटलं. "तुमचा वॉचमन झोपलेलाच असतो."

असं आमचं चाललं होतं. मग अक्षताच्या छातीत गाठ झाली. गाठीत पू झाला, ताप डोक्यात गेला, चीर द्यावी लागली. त्या सगळ्यात तिचं दूध आटत गेलं. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं. डबा घरात आला त्या दिवशी पोरगी भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण त्या डब्याकडे मला बघवत नव्हतं. का, ते सांगते.

दूध बदललं तशी रेवाची शीही बदलली. अक्षता कळवळून ओरडली, "आई, बघा ना हिला काय झालं! घट्ट झालीय, वास मारतोय, आणि हा रंग बघा!"

"अगं, दूध बदललं की शी बदलणारच. तू बिर्याणी खाऊन आलीस की तुझं काय होतं, सांगू सगळ्यांना? आता घट्ट होईल, वासाची होईल, आधी दिवसभर चालायचं ते आता एकदा-दोनदा होईल. रंग खाकी, बदामी, कधी हिरवट. घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही, असं मीच तिला शिकवलं. माझं म्हणणं खोटंही नव्हतं. तसंच झालं, खाकी शी, बदामी शी. पण रंग तिथे थांबेना. बदामीची भुरकट झाली, भुरकटाची पिठूळ झाली. आणि मग तो बिनडागाचा लंगोट माझ्या हातात आला.

दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. शीच्या लंगोटावर डाग नव्हता. शूच्या लंगोटावर मात्र होता! पिवळा, हळदीचं बोट पुसल्यासारखा. तान्ह्या पोराची शू म्हणजे पाणी, तिचा कधी डाग पडतो का? सगळं उलटं झालं होतं. गावाकडे म्हणतात, भूत ओळखायचं तर त्याचे पाय बघा, उलटे असतात. मी त्या ओल्या फरशीवर बसले आणि मला कोणीतरी मागून बोलल्यासारखं ऐकू आलं, "बघा माझ्या सुनेच्या हातचे लंगोट! डाग शोधून गावाचो नाय!"

माझ्या सासूचा आवाज, तिच्या मालवणीत, डाग शोधून सापडायचा नाही म्हणून. ती जाऊन वर्षं लोटली.

माझा मुलगा नितेश, त्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. आबोली. आज नाव घेते, तेव्हा घेत नव्हते. तिच्या वेळी मी कुडाळजवळच्या आमच्या गावी बाळंत झाले. मला असाच ताप भरला, असंच दूध आटलं. मग शेजारच्या गाईचं दूध पाणी घालून तिला पाजायला लागलो. काही दिवसांनी तिची शी पांढरी झाली. सासू म्हणाली, "दूध पांढरा, म्हणान शी पांढरी." सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. लंगोट असे स्वच्छ निघायचे की सासूने वाडीभर माझं कौतुक केलं. उभ्या आयुष्यात तिने माझं केलेलं तेवढंच एक कौतुक. आणि मी येडी, ते ऐकून फुलून गेले होते हो.

पुढे पोरीचे डोळे पिवळे झाले. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. वर्ष भरायच्या आत ती गेली. व्हाळापलीकडे, ओढ्याच्या पल्याड, खड्डा काढून तिला पुरली, मला तिथे नेलंसुद्धा नाही. आणि मग तीच सासू, तेच तोंड, आल्यागेल्याला सांगायला लागली, "हिच्या अंगार दूध असता तर पोर जगला असता." कुणीच तिला अडवलं नाही. माझ्या आईनेही नाही. मग मीही तेच धरून बसले, की माझं दूध आटलं आणि माझी पोरगी गेली.

आमच्यात तान्ह्या बाळाच्या घरात गेलेल्या बाळाचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की ते ऐकतं आणि आपली जागा मागायला येतं. नितेश झाला तेव्हा ह्यांनी आणि मी तोंडाला जे कुलूप घातलं, ते घातलंच. आपल्याला एक बहीण होती, हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं.

आता ती नाव न काढताच आली होती. दुपारी मी रेवाला बाटली पाजायला बसले की मांडीवर दोघी असायच्या. एकीचं वजन कळायचं, दुसरीची नुसती ऊब लागायची. बाथरूममध्ये नळ सोडला की सासू सुरू, डाग शोधून गावाचो नाय. आमच्या घरात गाईचं दूध येत नाही, पिशवीचं येतं, तरी मला त्या गाईच्या दुधाचा, चुलीवर उतू गेलेल्या दुधाचा वास यायचा. मी भात टाकायची आणि विसरायची. ह्यांनी एकदा विचारलं, "काय गो, काय झालां?"

"माका काय्येक झालां नाय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरीवरच्या पांढऱ्या लंगोटांकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

नाव न काढता जेवढं सांगता येईल तेवढं मी सांगितलं. नितेश कामावरून आला तशी मी म्हणाले, "रेवाची शी पांढरी होतेय. डॉक्टरला दाखव."

अक्षता म्हणाली, "आई, तुम्हीच म्हणालात ना, पावडरने रंग बदलतो म्हणून? आता तुम्हीच घाबरवताय!"

"बदलतो. पण असा नाही."

"मग कसा? काय ते नीट सांगा ना."

नीट काय सांगणार, कपाळ! नितेशने लंगोटाचा फोटो काढला आणि दवाखान्याच्या नंबरवर पाठवला. पांढऱ्या कापडावरची पांढरी शी, वर ट्यूबलाइट. मोबाइलने सगळंच कसं छान, फिकट पिवळं करून टाकलं. उत्तर आलं, पावडरच्या दुधाने रंग फिका होऊ शकतो, बाळ दूध पितंय ना, मग पुढच्या लसीला आणा तेव्हा पाहू. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी फोटोला उत्तर दिलं, शीला नाही.

"बघ, नॉर्मल आहे," नितेश म्हणाला. "उगाच टेन्शन घेऊ नको यार आई."

"डोळे पिवळे दिसतायत तिचे."

"ती जन्मल्यापासून थोडी कावीळ आहेच ना. ऊन दाखवतोय आपण."

 पण त्या दिवसापासून माझा धीर सुटला. मला वाटायला लागलं, हे माझ्याच हाताने होतंय. बाटली मीच भरते, मीच पाजते. एक पोर माझ्या हातून गेलं, हे दुसरंही माझ्याच हातून जाणार. मग मी रेवाला घेईनाशी झाले. ती रडली की मी गॅसकडे वळायची. बाटली भरून अक्षताच्या हातात द्यायची आणि मागे सरायची. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण हात पुढे होईना.

अक्षताच्या नजरेतून काय सुटणार? एका सकाळी नितेश कामावर जायला निघाला होता, तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, आवाज चढलेला. "मला एक सांगा आई. माझं दूध आटलं, म्हणून तुम्ही माझ्या पोरीला हात लावत नाही ना? मनातून मला नावं ठेवताय ना? ठेवा! तोंडावर ठेवा!"

 आबोली गेली तेव्हा, त्या व्हाळाकाठच्या घरात, मी हेच ओरडायला हवं होतं आणि ओरडले नव्हते. इथे ही ओरडत होती, आणि सासूच्या जागी मी उभी होते.

 आत गेले, पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी एक साडी होती, गर्द हिरवी, सुती. आबोलीच्या वेळी माझं ओटीभरण झालं तेव्हाची. एवढी घरं बदलली, पण ती साडी टाकवली नाही आणि नेसवलीही नाही. कात्री घेतली. हे दारात येऊन उभे होते. साडी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, अडवतील. ते खाली बसले आणि साडीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"नीट काप गो," म्हणाले. "सुताक धरून."

त्या साडीचा एक लंगोट कापला. बाहेर येऊन रेवाला उचललं, किती दिवसांनी! छातीशी धरलं तर पोर माझ्या ब्लाउजवर तोंड घासायला लागलं. तिला तो हिरवा लंगोट बांधला.

"हे काय नवीन आता?" नितेश म्हणाला. "आई, मला उशीर होतोय."

"होऊ दे उशीर. आज माझं ऐकशील आणि इथे बसशील."

माझा तो आवाज त्याने लहानपणानंतर ऐकला नव्हता. बसला बापडा. सगळे बसलो. अक्षता डोळे पुसत होती. रेवाने दूध प्यायलं, ढेकर दिला, आणि थोड्या वेळाने चेहरा लाल करून कुंथली. मी तिला खिडकीपाशी नेलं, भर उजेडात लंगोट सोडला आणि त्या दोघांपुढे धरला.

गर्द हिरव्या कापडावर भिजवलेला चुना ठेवावा, तशी ती शी होती. पिवळेपणाचा टिपूस नाही. पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं, ते आता दिसलं. अक्षता "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागे गेली.

"आता ऐका," मी म्हटलं.  नाव काढलं आणि ती जागा मागायला आली तर? पण ती तर आलेलीच होती की! "नितेश, तुझ्या आधी मला मुलगी होती. आबोली तिचं नाव. तिची शी अशीच पांढरी झाली होती. तिचे लंगोट असेच स्वच्छ निघायचे. तिचेही डोळे पिवळे झाले. ती वाचली नाही. मला काय झालं ते माहीत नाही, कशाने झालं ते माहीत नाही. पण हे तेच आहे. पुढची लस गेली खड्ड्यात, आत्ता चला."

 नितेशने उठून रिक्षा बोलावली. हिरवा लंगोट मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, शूचा पिवळा डागवाला दुसऱ्या पिशवीत.

दवाखान्यात गर्दी होती. मी सरळ आत घुसले, कोण काय बोललं ते ऐकलंच नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रागाने काहीतरी बोलायला गेल्या, तोवर मी पिशवी उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा राग तिथल्या तिथे उतरला. लंगोट घेऊन त्या खिडकीशी गेल्या. मग रेवाच्या डोळ्यांच्या पापण्या वर केल्या, पोट बोटांनी चाचपलं, शूचा लंगोट पाहिला. मग खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघून बोलल्या.

शीला जो पिवळा रंग येतो, तो दुधाचा नसतो. तो पित्ताचा असतो. पित्त लिव्हरमधून बारीक नळीने आतड्यात उतरतं. काही बाळांची ती नळी बंद होत जाते. मग शीचा रंग जातो आणि पित्त रक्तात, लघवीत उतरतं. तपासण्या कराव्या लागतील, आजच. तेच निघालं तर ऑपरेशन लागेल, आणि ते जितकं लवकर, तितकं बरं. उशीर झाला की लिव्हर जातं. अजून वेळ आहे.

अक्षताने माझा हात घट्ट धरला होता. मी विचारलं. माझ्यासाठी विचारलं की तिच्यासाठी, देवाला ठाऊक. "बाई, आईचं दूध आटलं, म्हणून होतं का हे?"

"नाही हो आजी. दुधाचा काही संबंध नाही. अंगावर पाजलं असतं तरी हेच झालं असतं. दूध बदललं की शी घट्ट होते, रंग बदलतो, पण कुठल्याही दुधाने अशी पांढरी होत नाही."

इतकंच बोलल्या आणि फोन उचलून मोठ्या हॉस्पिटलशी बोलायला लागल्या. मी तिथल्या स्टुलावर बसले ती उठेचना. आयुष्यभर जे पोटात घेऊन फिरले, ते त्या बाईने सहज उचलून बाजूला ठेवलं. मला मोठ्याने रडायला आलं. बाहेरच्या बाया आत डोकावल्या, म्हातारीला काय झालं म्हणून. डोकावा म्हटलं, बघून घ्या.

रेवाचं ऑपरेशन झालं. एवढ्याशा पोटावर आडवी चीर. सर्जन म्हणाले, नळी नव्याने जोडलीय, आता पित्त उतरतंय का ते तिची शीच सांगेल. मग काय, आम्ही चौघं दिवसचे दिवस एका शीची वाट बघत बसलो. नितेश, जो लहानपणी शेणाला पाय लागला तर थयथयाट करायचा, तो डायपर उघडून नाक घालून बघायचा. पहिल्यांदा हिरवट दिसली तेव्हा अक्षता वॉर्डात नाचली. नर्स ओरडली तरी नाचली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे संपलेलं नाही. औषधं चालणार, तपासण्या चालणार, पुढे आणखी काय लागेल ते आज कळत नाही. आम्ही ऐकून घेतलंय. पोर घरी आहे, दूध पिते, एवढं पुरे आज.

घरी आल्यावर पहिला लंगोट मीच धुतला. पिवळा. मोहरीसारखा नाही, पण पिवळा! साबण लावला, चोळला, पिळला, उजेडात धरला. डाग तसाच होता. मी ब्रश घेतलाच नाही. तसाच नेऊन दोरीवर टाकला.

नितेश माझ्या मागे येऊन उभा राहिला. जरा वेळाने म्हणाला, "आई, आबोली कशी दिसायची गं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि काहीच येईना. डोळे मिटले, खूप शोधलं. आवाज आठवला, वास आठवला, वजन आठवलं. चेहऱ्याच्या जागी नुसती दोरी, आणि दोरीवर ते पांढरेशुभ्र लंगोट.

"मला तिचे लंगोटच आठवतात रे," मी म्हटलं.

हे खुर्चीत बसले होते, रेवाला मांडीवर घेऊन. मान खालीच होती.

"गालार खळी पडायची," ते म्हणाले. "डाव्या. आंघोळ घालताना हसायची ना, तेव्हा. माका आठवता."

 बाहेर दिवे लागायला लागले. अक्षता आतून घाईघाईने आली, दोरीकडे हात केला. "आई, तिन्हीसांज झाली. लंगोट आत घेते हां."

"राहू दे गं," मी म्हटलं. "तो पिवळा आबोलीला दिसू दे."